आत्याची कवळी

गल्लीत त्याला सगळे बत्तिशी म्हणत. त्याचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं आणि विजेच्या बिलावर छापलेलं होतं, एवढंच. हे टोपणनाव पडायला कारणं दोन. एक तर हा माणूस उठता-बसता दात काढायचा; मयताला गेला तरी तिथे कुणाला तरी हसवून यायचा. आणि दुसरं म्हणजे त्याचा धंदाच दातांचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत खुर्ची, दिवा आणि डॉक्टर. पडद्यामागच्या खोलीत बत्तिशी. डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे आणि त्या मापावरून बत्तिशी कवळ्या करायचा. मापात प्लॅस्टर ओतायचं, ते सुकलं की माणसाचा जबडा पांढराशुभ्र हातात येतो. त्यावर मेण, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी, मग घासणं आणि चकचकीत करणं. टेबलावरच्या फळीवर असे पांढरे जबडे ओळीने मांडलेले असायचे.

"निम्मं शहर माझ्यापुढे तोंड उघडून बसलंय," तो म्हणायचा, "आणि एकजण उलटून बोलत नाही. घरी हे सुख कुठलं?"

त्याची बायको शिवणकामाच्या दुकानात काज-बटणं करायची. जीभ सुईसारखी, पण मन भित्रं. दारावर अनोळखी टकटक झाली की आधी दिवा मालवणारी बाई.

बत्तिशीला वाढवलं ते त्याच्या आत्याने. आई-बाप तो लहान असतानाच गेले, आणि आत्याने लग्नाचा विचार गुंडाळून ठेवून भाच्याला पदराखाली घेतलं. ती टेलिफोन कचेरीत होती. आयुष्यभर लोकांचे नंबर जोडून दिले, त्यामुळे बोलणं कसं स्वच्छ, एकेक अक्षर टाकसाळीतून निघाल्यासारखं. उतारवयात दात गेले तेव्हा बत्तिशीनेच तिची कवळी केली. तिने ती चारदा परत पाठवली. चावायला त्रास म्हणून नव्हे, तर 'स' नीट येत नव्हता म्हणून.

आत्या ख्रिस्ती होती, आणि नावापुरती नव्हे, हाडामासाची. त्यांचं प्रार्थनामंदिर सरकारने फार पूर्वी कुलूप लावून बंद केलं होतं. परवानगीशिवाय एकत्र जमायचं नाही असा कायदा होता, आणि परवानगी मागायला गेलेला माणूस नुसतं मागितलं म्हणून नजरेत यायचा. मग ही मंडळी आत्याच्या खोलीत जमायची. पाच-सात जण, खाली सतरंजी, दबक्या आवाजात गाणं, प्रार्थना, वर चहा. बत्तिशी पोरवयात तिथे बसायचा, पण मिसरूड फुटल्यावर त्याने ते सोडलं. आत्याने कधी जबरदस्ती केली नाही. तो मात्र चिडवायचा.

"आत्या, तुझा देव सगळं ऐकतो ना? मग एवढ्या हळू का गाता?"

"देवाला ऐकू जातं रे," आत्या म्हणायची. "शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून."

एका सकाळी आत्याच्या इमारतीतली दूधवाली दवाखान्यात आली. ती पडदा सारून थेट मागे आली आणि एवढंच म्हणाली, की तुझ्या आत्याच्या खोलीकडे जाऊन ये. बत्तिशीला वाटलं, म्हातारी पडली-बिडली असेल. हातातलं मेण तसंच टाकून तो धावला.

दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. सतरंजी अंथरलेली, कपांत अर्धा-अर्धा चहा, त्यावर साय धरलेली. आणि दाराबाहेर चपला. बायकांच्या, पुरुषांच्या, एक शिवून-शिवून वापरलेला जोड, एक नवा कोरा, सगळ्या नीट ओळीने लावलेल्या. पायांत चपला घालायचीसुद्धा सवड दिली नव्हती त्यांना.

बत्तिशी त्या चपलांकडे बघत उभा राहिला. समोरचं दार किलकिलं झालं आणि मिटलं. त्याला कुणाला तरी हाक मारून विचारायचं होतं, पण दातखिळी बसावी तसं झालं. शेवटी काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने खाली बसून सगळ्या चपला आत उचलून ठेवल्या, आणि दाराला कडी लावली.

पुढे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणं आलं. या खिडकीवरून त्या खिडकीवर, हा साहेब जेवायला गेलाय, तो साहेब रजेवर. कुणी म्हणे अशी बाई आमच्याकडे नाही. कुणी म्हणे असली तरी सांगता येणार नाही. बत्तिशी प्रत्येक खिडकीपाशी सवयीने एखादा विनोद करून बघायचा आणि प्रत्येक खिडकी त्याच्याकडे भिंतीसारखी बघायची. बायको घरी रोज तेच बजावायची, की आत्याबाईंसाठी जीव तुटतो माझाही, पण तुम्ही फार पुढे-पुढे करू नका, आगीजवळ गेलेला माणूस धुरानेसुद्धा काळा होतो. शेवटी कळलं, की आत्या शहराबाहेरच्या मोठ्या तुरुंगात आहे. बेकायदा जमाव आणि लोकांना फितवणं, असे आरोप. भेटीचा दिवस मिळायला आणखी बरेच आठवडे गेले.

भेटीच्या खोलीत मधोमध जाळी होती. पलीकडून एका पहारेकरणीने एका म्हातारीला आणून बसवलं. बत्तिशी तिच्या मागे बघत राहिला, की आता आत्या येईल. मग ती म्हातारी जाळीला बोटं लावून हसली, तेव्हा कुठे त्याने ओळखलं. ती आत्याच होती. तोंडाचं बोळकं, गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. जन्म तिच्याबरोबर काढला, पण तिला बिनदातांची त्याने कधीच पाहिली नव्हती. माप डॉक्टरांनी घेतलं होतं, आणि ती झोपतानासुद्धा दार लावूनच कवळी काढायची.

"कवळी कुठंय?" त्याच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं.

आत्याचे शब्द वाऱ्यासारखे सुटत होते. जी बाई एका 'स'साठी कवळी चारदा परत पाठवायची, तिचं बोलणं आता त्याला कान देऊन लावावं लागत होतं. ती म्हणाली, "पडले रे. फुटली."

त्याने विचारलं, खायचं काय करतेस? पाव मिळतो, ती म्हणाली, तो दगडासारखा असतो, पाण्यात भिजवून गिळते. आणि लगेच विचारलं, की माझ्या खोलीबाहेरच्या चपलांचं काय झालं. त्याने सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं.

बत्तिशी तिथून निघाला तो थेट दवाखान्यात. आत्याच्या जबड्याचा साचा त्याने फळीच्या टोकाला जपून ठेवला होता. त्यावरून त्याने नवी कवळी केली आणि तुरुंगाच्या दारावर नेऊन दिली. पहारेकऱ्याने ती चिमटीत धरून अशी बघितली, जणू तीच चावेल. मग तुरुंगातल्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते थकलेले, सदरा चुरगळलेला, पण माणूस वाईट नव्हता. बिनदातांची माणसं भिजका पाव खाऊन-खाऊन आजारी पडतात आणि मग ती त्यांच्याच गळ्यात येतात, हा त्यांचा रोजचा वैताग. त्यांनी कवळी ठेवून घेतली.

पुढच्या भेटीला आत्या पूर्वीसारखी बोलली. 'स' अगदी स्वच्छ. बत्तिशीचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याने दात काढले. मग आत्याने मुद्द्याला हात घातला. आत आपली बरीच माणसं आहेत, ती म्हणाली, आमच्या खोलीतली आणि दुसऱ्या गावांतलीही. बायका इकडे, पुरुष तिकडे. बऱ्याच जणांना पाव तोडता येत नाही. तुझं सामान या डॉक्टरांना दे, ते मापं घेतील. मी विचारलंय त्यांना.

"आत्या, मी काही तुमच्या मंडळीतला नाही," बत्तिशी म्हणाला.

"दातांना धर्म असतो का रे?"

 त्याने होकार दिला. तुरुंगातल्या डॉक्टरांना त्याने माप घ्यायची पत्र्याची ताटली दिली आणि गरम पाण्यात मऊ होऊन थंडीत कडक होणाऱ्या वड्या दिल्या. स्वतःचंच तोंड उघडून माप कसं घ्यायचं ते दाखवलं. त्याच्या मनात एकच चित्र होतं: आत्यासारखी आणखी काही म्हातारी-कोतारी असतील बिचारी, जुन्या कवळ्या झिजल्या असतील, दात वयाने गेले असतील.

मापांचा पहिला डबा आला तो खोलीत कुणी नसताना उघडावा म्हणून त्याने रविवार धरला. दवाखाना बंद. रस्त्यावर उन्हात पोरं चेंडू खेळत होती. त्याने प्लॅस्टर कालवलं, ओतलं, सुकू दिलं, आणि पहिला जबडा सोडवून हातात घेतला.

वयाने पडलेल्या दाताची जागा हिरडी हळूहळू भरून काढते. हाड खाली बसतं, कडा गोल होतात, जसा नदीतला गोटा. बत्तिशीने आयुष्यभर तेच पाहिलं होतं. हा जबडा तसा नव्हता. वरचे पुढचे दात मधूनच तुटलेले होते, कडा फुटक्या कपासारख्या, बाजूला हिरडी सुजलेली, तीसुद्धा मापात जशीच्या तशी उतरलेली. बाकीचे दात ठणठणीत. त्याने तो खाली ठेवला आणि दुसरा सोडवला. मग तिसरा. मग उरलेले.

सगळे त्याने टेबलावर आपल्याकडे तोंड करून मांडले, समोर माणसं बसावीत तसे. प्रत्येकाची पडझड एकाच बाजूला होती. डाव्या. पुढ्यात बसलेल्या माणसाची डावी बाजू म्हणजे आपल्या उजव्या हाताची. बत्तिशीने नकळत आपला उजवा हात उचलला आणि सावकाश पहिल्या जबड्यापर्यंत नेला. हात बरोबर त्या फुटक्या दातांपाशी जाऊन थांबला.

 'बत्तिशी पाडीन' असं त्याला लहानपणापासून शंभरदा लोक गमतीत म्हणाले होते. त्यानेही म्हटलं होतं. ते शब्द आता त्याच्यापुढे टेबलावर ओळीने बसले होते.

 जेवायला आला नाही म्हणून बायको शोधत आली. तिने आधी तोंड सोडायची तयारी केली होती, पण त्याचा चेहरा बघून ती टेबलापाशी आली. त्याने काही सांगितलं नाही. नुसता उजवा हात पुन्हा एकदा उचलून दाखवला. तिला कळायला वेळ लागला नाही. मग तिने त्यातला एक लहानसा जबडा उचलला.

"हा कुणाचा?"

"नावं नसतात. नुसत्या खुणा असतात."

"एवढा लहान?"

"तरणं माणूस आहे कुणी तरी," बत्तिशी म्हणाला. "अक्कलदाढ अजून पुरती वर आलेली नाही. खालचे दात बघ, झिजलेसुद्धा नाहीत."

बायको तो जबडा तळहातावर घेऊन खाली बसली. बोलेना. जिची जीभ कधी म्यानात जात नाही ती बाई अशी मुकी झालेली बत्तिशीने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. शेवटी ती म्हणाली, की ही मुलगी असणार, हाड नाजूक आहे. आणि मग विचारलं, "मी काय करू शकते?"

त्या दिवसापासून कवळ्या घासायचं आणि चकचकीत करायचं काम तिच्याकडे आलं. बटणं लावणारे हात, नजर बारीक. महिन्याभरात ती नवऱ्याच्या चुका काढायला लागली.

एक गोष्ट मात्र बत्तिशीने मनात वेगळी ठेवली होती. आत्या पडली, असं आत्यानेच सांगितलं होतं, आणि आत्या खोटं बोलत नसे. तिच्या तोंडात मोडायला दातच नव्हते, त्यामुळे साचा काही सांगू शकत नव्हता. म्हातारं माणूस, ओली फरशी, पाय घसरला असेल. त्याने हे इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं, की त्याला ते डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

एका सोमवारी डॉक्टर काही शोधायला पडद्यामागे आले. त्यांनी फळीवरचा एक साचा उचलला. दंतवैद्यच ते, त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी तो फिरवून बघितला, जिथला तिथे ठेवला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. मग म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही. आणि रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा इथे कोण येतं ते मला माहीत नसतं." त्यांची दोन मुलं शाळेत होती, आणि माणूस पहिल्यापासूनच सशाच्या काळजाचा. बत्तिशीने त्यांना दोष दिला नाही. पण त्या दिवसानंतर दोघांत चेष्टामस्करी उरली नाही.

असं बरंच चाललं. तुरुंगातून मापं येत, कवळ्या आत जात. मग एका रविवारी भर दुपारी दाराची घंटा वाजली. साध्या कपड्यांतले दोघे. बायको नेमकी घरी होती, हे एक बरं झालं. ते दोघे आत आले, पडदा सारला आणि फळीपुढे उभे राहिले. त्यातल्या जाड्याने विचारलं, हे काय आहे? बत्तिशीने सांगितलं, साचे आहेत. कुणाचे? नावं माहीत नाहीत. जाड्याने एक साचा उचलला, निरखला आणि त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहरा बदलला. हे साचे म्हणजे नुसती तोंडं नव्हती, आत काय चालतं त्याची साक्ष होती, आणि ती उघड्यावर फळीवर बसली होती. त्याने हात सैल सोडला. प्लॅस्टर फरशीवर फुटलं. मग दुसरा. मग तो थांबलाच नाही. एकेक उचलून, न रागावता, एखाद्याने शेंगा फोडाव्यात तसा. बत्तिशी भिंतीला पाठ लावून बघत होता. त्याला वाटलं होतं, की पहिल्यांदा धक्का बसला तोच मोठा. याच्यापुढे तो काहीच नव्हता. शेवटी खाली पांढऱ्या चुऱ्याचा ढीग झाला आणि बुटांबरोबर तो दाराबाहेरपर्यंत गेला.

त्याला नेलं त्या कचेरीत टेबलामागे एक अधिकारी होता. आवाज मऊ, चहासुद्धा मागवला. म्हणाला, तुमच्याबद्दल चौकशी केली, तुम्ही त्यांच्या बैठकींना जात नाही, वर्षानुवर्षं गेलेला नाही, शेजारी सांगतात की तुम्ही त्यांची टिंगल करता. मग हे कशाला? एवढंच लिहून द्या, की मी त्यांच्यातला नाही, त्यांनी मला फसवून काम करून घेतलं. आणि घरी जा.

गंमत अशी, की पहिला भाग खराच होता. बत्तिशी त्यांच्यातला नव्हता. 'नाही' म्हणायला त्याने तोंडसुद्धा उघडलं. आणि मग त्याला त्या दाराबाहेरच्या चपला आठवल्या, आणि तो उघड्या तोंडानेच थांबला.

"आहेस की नाहीस?" अधिकाऱ्याने विचारलं. आता 'तुम्ही' गेलं होतं.

"मी त्यांचे दात करतो," बत्तिशी म्हणाला. "मला कुणी फसवलं नाही. बाकी तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

बाजूला एक जण उभा होता, त्याच्याकडे बत्तिशीने लक्षच दिलं नव्हतं. त्याचा हात आला तो कळलाही नाही. कळलं ते खुर्चीसकट फरशीवर पडल्यावर. तोंडात रक्ताची चव आणि काहीतरी खडीसारखं. जीभ आपोआप तिकडे गेली. वर. डावीकडे. सुळा आणि त्याच्या शेजारचे.

तिथे पडल्या-पडल्या त्याला पहिला विचार आला तो दुखण्याचा नव्हता. आत्या आठवली. ती ओली फरशी, तो घसरलेला पाय, जे सगळं त्याने इतक्या मेहनतीने मनात उभं केलं होतं, ते त्या एका क्षणात गेलं. सत्तरी उलटलेली बाई. तिच्या तोंडावर. तो कुशीवर वळला आणि ओकला.

त्याला त्याच तुरुंगात पाठवलं, पुरुषांच्या बाजूला. लांबट बराक, दोन्हीकडे फळ्या, एकाच खिडकीतून येणारा उजेड. दारातून आत ढकलल्यावर तो नवखा माणूस उभा राहतो तसा उभा राहिला, ओठ सुजलेला, सदऱ्यावर डाग. कोपऱ्यातून एक जण उठून पुढे आला, पाण्याचा कप घेऊन. बुटका, काटकुळा, टक्कल पडलेला. तो हसला आणि बत्तिशीच्या हातातून कप सुटायची वेळ आली. वरचे डावीकडचे चार दात त्याच्या ओळखीचे होते. एक किंचित वाकडा बसवला होता त्याने, शेजारच्या खऱ्या दाताशी जुळावा म्हणून. या जबड्यावरून त्याने मनात एक धिप्पाड माणूस रंगवला होता, आणि हा तर खिशात मावेल एवढा.

"तुम्ही बत्तिशी," तो माणूस म्हणाला. तो नळजोडणीचं काम करणारा होता; बत्तिशी येतोय हे त्याला तुरुंगातल्या डॉक्टरांकडून कळलं होतं. "आम्ही तुमचं नाव घेतो रोज. खरं नाव माहीत नव्हतं, म्हणून बत्तिशी म्हणूनच घेतो. चालतं ना?"

नाव घेतो म्हणजे प्रार्थनेत, हे बत्तिशीला जरा उशिरा कळलं. एकेक जण पुढे येत होता, हसत होता, आणि प्रत्येक हसण्यात त्याला आपलं काम दिसत होतं. ज्यांची त्याला कीव येत होती ती माणसं इतका काळ त्याच्यासाठी बोलत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. तो फळीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही. संध्याकाळी पाव आला तेव्हा नळवाल्याने आपल्या नव्या दातांनी तो तोडला, पाण्यात भिजवला आणि घास करून याच्या हातावर ठेवला.

तिथे तो काही महिने होता. पहाटे ते सगळे हळू आवाजात गात, आणि बत्तिशी, ज्याने त्या हळू गाण्याची थट्टा केली होती, तो दाराशी बसून पावलांचा कानोसा घ्यायचा. शब्द त्याला अजून पाठ होते, हे बघून तो स्वतःच चकित झाला. तो गायचा नाही. ओठ हलायचे कधी कधी.

एके दिवशी काही न सांगता त्याला सोडून दिलं. पुरावा म्हणून ठेवायचं ते त्यांनीच फोडून टाकलं होतं; खटला कशावर चालवणार?

बाहेर पडला तो रविवार होता. घराला कुलूप.  पाय आपोआप दवाखान्याकडे वळले. दार आतून बंद, पण मागच्या खोलीतून घासायच्या चाकाची घरघर येत होती. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. तिच्या मागे त्याच्या स्टुलावर, प्लॅस्टरने हात माखलेले, बसले होते डॉक्टर.

बत्तिशीने तोंडाचा आ केला तो मिटेचना. बायकोने सांगितलं ते असं: त्याला नेल्यावर ती भेटीच्या दिवशी स्वतः तुरुंगावर गेली, आत्याबाईंना भेटली, आणि दारावर तुरुंगातल्या डॉक्टरांनी गुपचूप तिच्या पिशवीत मापांचा डबा टाकला. ती तो घेऊन इथे आली. म्हणाली, डॉक्टर, मला घासता येतं, ओतता येत नाही. डॉक्टर उठले. मग त्यांनी पुढच्या दाराला आतून कडी लावली.

"साचे मात्र लगेच फोडून टाकतो," डॉक्टर म्हणाले. आवाज अजून सशाचाच होता. "आणि तुझ्यासारखं जमत नाही, ते सांगू नकोस, मला दिसतंय. ये, आधी तुझं तोंड बघू दे."

आत्या सुटली ती त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, थंडीच्या शेवटी. पाय सुजलेले, एक कान मंदावलेला, पण बोलणं स्वच्छ. बत्तिशीने तिला आपल्याच घरी आणलं. चपलांची तिने चौकशी केली. तीन जोड अजून न्यायचे राहिले होते, कारण त्यांचे मालक अजून आत होते. चौथ्या जोडाची मालकीण आत्याच्या मागोमाग सुटली आणि तो न्यायला आली. शिंप्याकडे काम करणारी मुलगी, विशीचीही नसेल. अंगणात ती बत्तिशीच्या बायकोशी बोलत होती आणि हसताना तोंडावर हात धरत होती. बायको एकदम रडायलाच लागली, आणि मुलीला कारण कळेना.

एका दुपारी आत्याचे पाय शेकत असताना बत्तिशीने विषय काढलाच. म्हणाला, "तू खोटं बोललीस माझ्याशी. पडले म्हणालीस."

"पडलेच होते," आत्या म्हणाली. "त्याने मारल्यावर पडले. तू आधीचं विचारलं नाहीस."

बत्तिशीला हसू आलं नाही. त्याने शेकायच्या पिशवीतलं पाणी बदललं आणि पुन्हा तिच्या पायाला लावलं. ती म्हणाली, की तुला तेव्हाच सगळं सांगितलं असतं तर तू रागाने कवळी केली असतीस, आणि रागाने केलेली कवळी बोचते.

आता आत्या थकली आहे. मंडळी पुन्हा जमतात, कधी इथे, कधी तिथे. एकाच घरी दोनदा लागोपाठ नाही. बत्तिशी कधी दाराशी बसतो, कधी आत. तू आता आमच्यातला झालास का, असं त्याला नळवाल्याने, तो सुटून आल्यावर, एकदा विचारलं होतं. बत्तिशी म्हणाला, मला अजून नीट ठाऊक नाही, विचारलं तर सांगता येणार नाही, पण भेटीचा दिवस आला की मी तुरुंगाच्या दारावर असतो. नळवाला म्हणाला, चालेल.

त्याने पुढच्या भेटीसाठी मापाच्या वड्या आणल्या आहेत. तुरुंगातले डॉक्टर बदलून गेले; नवे आले आहेत ते कसे आहेत, अजून कुणालाच माहीत नाही. बायको म्हणते, मी येते बरोबर, बाईमाणूस दिसलं तर माणूस जरा ऐकून तरी घेतो. ती हल्ली दारावर टकटक झाली तर दिवा मालवत नाही. आधी विचारते, कोण आहे?